मुलावरील पालकांचा हक्क संपतो तो केव्हा?

आईवडिलांचे मुलाशी असलेले नाते जन्माबरोबरच जुळते. त्यासाठी कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत. परंतु हे नाते कायद्याने संपवावयाचे झाल्यास कायद्याने घालून दिलेल्या सर्व अटी पूर्ण व्हाव्या लागतात. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेक कुटुंबांवर पुढे अनपेक्षित संकट ओढवते आणि त्याची सर्वाधिक झळ ज्याला या व्यवहारात काहीच विचारलेले नसते त्या मुलाला पोहोचते.

सांभाळ करण्यास असमर्थ असलेली एखादी माता आपले नवजात मूल निपुत्रिक जोडप्याच्या स्वाधीन करते. दोन पंचांच्या सह्यांनिशी मुद्रांकावर मजकूर लिहिला जातो की, आजपासून या मुलावर जन्मदात्यांचा कोणताही हक्क राहिलेला नाही. त्या दिवशी उभयपक्षी समाधान होते. पुढे मूल शाळेत घालण्याची, त्याचा जातीचा दाखला काढण्याची अथवा सातबाऱ्यावर वारस म्हणून नोंद करण्याची वेळ येते, तेव्हा त्या कागदाला कायद्याचे बळ नाही असे आढळून येते. अशा प्रकारे मूल देणे व घेणे हा अनेक प्रसंगी शिक्षापात्र गुन्हा ठरतो, हेही तेव्हाच कळते. म्हणून पालकांचा हक्क कशाने संपतो आणि कशाने संपत नाही, याची स्पष्ट माहिती गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास असणे आवश्यक आहे.

हक्कामागील जबाबदारी

पालकत्व हा मालकी हक्क नव्हे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम १३ अन्वये पालक ठरविताना अज्ञान मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार मानला गेला आहे. याच अधिनियमाच्या कलम ६ मध्ये प्रथम पिता व त्याच्या 'नंतर' माता असा नैसर्गिक पालकांचा क्रम दिलेला आहे. तथापि १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' या शब्दाचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा न घेता, पित्याच्या अनुपस्थितीत असाही घेतला पाहिजे, असा निर्णय दिला. पिता मुलाकडे लक्ष देत नसेल तर माता हयात पित्याच्या काळातही पालक म्हणून काम पाहू शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

हक्काला जबाबदारी जोडलेली असल्यामुळेच पालकास आपल्या इच्छेनुसार ती टाकून देता येत नाही. बारा वर्षांखालील मूल कायमचे टाकून देण्याच्या हेतूने उघड्यावर सोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ अन्वये गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र खरोखर असहाय असलेल्या पालकासाठी कायद्याने एक सुरक्षित मार्ग ठेवलेला आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

कशाने हक्क संपत नाही

घटस्फोटामुळे पतिपत्नींचे नाते संपते, मुलाचे आईवडिलांशी असलेले नाते संपत नाही. न्यायालय मुलाचा ताबा एकाकडे देते, तेव्हा दुसऱ्याचे पालकत्व नष्ट होत नाही. मुलास भेटण्याचा हक्क राहतो आणि मुलाच्या पोटगीची जबाबदारीही राहते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आल्यानंतर पोटगीची ही तरतूद तिच्या कलम १४४ मध्ये आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती.

त्याचप्रमाणे मूल आजोळी अथवा मामाकडे अनेक वर्षे वाढले, पालक ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी दीर्घकाळ परगावी राहिले, पिता कारागृहात गेला किंवा मूल वसतिगृहात ठेवले, या कोणत्याही कारणाने पालकांचा हक्क आपोआप संपत नाही. पालक मुलाचा छळ करीत असल्यास बाल कल्याण समिती त्या मुलाच्या संरक्षणाची व वेगळ्या निवासाची व्यवस्था करू शकते. परंतु मूल दूर ठेवणे वेगळे आणि नाते संपविणे वेगळे, हा भेद कायद्याने जपलेला आहे.

पालक व पाल्य अधिनियम, १८९० अन्वये न्यायालय एखाद्या व्यक्तीस पालक नेमू शकते. अशा नेमणुकीने मूल त्या घरात वाढते, परंतु ते त्या घराचे अपत्य होत नाही. त्यास वारसाहक्क मिळत नाही आणि मूल अठरा वर्षांचे झाले की सर्वसाधारणपणे ती नेमणूक संपुष्टात येते. पूर्वी मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी इत्यादी समाजातील इच्छुक पालकांना मुख्यतः याच अधिनियमाचा आधार घ्यावा लागे. आज बाल न्याय अधिनियमान्वये कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस मूल दत्तक घेता येते, आणि हा मार्ग ऐच्छिक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी प्रकरणात २०१४ साली स्पष्ट केले आहे.

हक्क संपण्याचे मार्ग

मुलाचे जन्मदात्या कुटुंबाशी असलेले नाते संपून ते दुसऱ्या कुटुंबाशी जोडले जाण्याचे आपल्याकडे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला मार्ग हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याचा, तर दुसरा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचा. हा दुसरा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला आहे.

पहिल्या मार्गात हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना आपसांत दत्तकविधान करता येते. मूल देण्याचा अधिकार फक्त जन्मदात्या पित्याला किंवा मातेला आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार दोघांनाही समान असून एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून तो वापरता येत नाही. दुसऱ्याने संसाराचा पूर्णपणे त्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल किंवा न्यायालयाने त्यास विकल मनाचा ठरविले असेल, तरच या संमतीची गरज नसते. आजोबा, चुलता वा थोरला भाऊ यांना मूल दत्तक देता येत नाही. आईवडील दोघेही मरण पावले असतील तर पालकास न्यायालयाची पूर्वपरवानगी घेऊनच ते करता येते. एकदा दत्तक गेलेले मूल दत्तक पालकांना पुन्हा दुसऱ्यास दत्तक देता येत नाही.

मूल प्रत्यक्ष देणे व प्रत्यक्ष घेणे ही या दत्तकाची मुख्य अट आहे. दत्तहोम आवश्यक नाही. दत्तक घेणारा पुरुष असून मुलगी दत्तक घ्यावयाची असल्यास, किंवा दत्तक घेणारी स्त्री असून मुलगा घ्यावयाचा असल्यास, दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचे अंतर असावे लागते. मुलगा घेणाऱ्यास हयात हिंदू मुलगा, नातू वा पणतू असता कामा नये. दत्तकाच्या मोबदल्यात पैसे देणे वा घेणे कलम १७ अन्वये गुन्हा आहे. दत्तकपत्र नोंदविण्याची सक्ती नसली, तरी देणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोघांच्या सहीचे नोंदणीकृत दत्तकपत्र असल्यास दत्तकविधान कायदेशीर झाले असे न्यायालय, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरते. म्हणून नोंदणी करणे हिताचे असते. मात्र मूळ अटी पाळल्या गेल्या नसतील तर केवळ कागदाने दत्तकविधान सिद्ध होत नाही, हे विसरून चालणार नाही.

अनाथ, टाकून दिलेल्या किंवा स्वाधीन केलेल्या मुलांसाठी दुसरा मार्ग आहे. तेथे दोन कुटुंबांत परस्पर व्यवहार होत नाही. प्रथम बाल कल्याण समिती ते मूल 'दत्तकासाठी विधितः मुक्त' असल्याचे जाहीर करते आणि त्यानंतरच त्याच्यासाठी कुटुंब शोधले जाते. जन्मदात्यांचा हक्क संपविण्याच्या दृष्टीने ही घोषणा अत्यंत महत्त्वाची आहे. म्हणूनच एकट्या सदस्याला ती करता येत नाही, समितीच्या किमान तीन सदस्यांनी तो निर्णय घ्यावा लागतो.

टाकून दिलेल्या मुलाची चौकशी

रस्त्याच्या कडेला, बसस्थानकावर वा देवळाच्या पायरीवर मूल सापडले तर ते सापडणाऱ्याचे होत नाही. अशा मुलाची माहिती चोवीस तासांच्या आत पोलीस, बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष अथवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर देणे कलम ३२ अन्वये बंधनकारक आहे. माहिती दडवून ठेवणे हाही गुन्हा आहे. 'देवाने दिले' म्हणून ते मूल घरी ठेवणाऱ्या सद्‌हेतूच्या माणसालाही कायदा ही सूट देत नाही. याचे कारण उघड आहे. ते मूल हरवलेले असू शकते, पळवून आणलेले असू शकते आणि त्याची आई त्याच वेळी दुसऱ्या गावी त्याचा शोध घेत असू शकते.

समितीसमोर मूल हजर केल्यानंतर पालकांचा शोध घेतला जातो. मुलाची माहिती व छायाचित्र प्रसिद्ध केले जाते आणि पोलिसांकडून पालक सापडत नसल्याचा अहवाल मागविला जातो. पालक पुढे आल्यास व चौकशीत ते खरे ठरल्यास मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. कोणीही न आल्यास दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत, तर त्यापेक्षा मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत समितीने निर्णय घ्यावा अशी तरतूद कलम ३८ मध्ये आहे. पालकांना पुरेशी संधी मिळावी आणि मुलाचे बालपण संस्थेत वाया जाऊ नये, या दोन्ही गोष्टींचा मेळ या मुदतीत घातलेला दिसतो.

फेरविचाराचे साठ दिवस

स्वतः मूल समितीच्या स्वाधीन करणाऱ्या पालकांसाठी कलम ३५ आहे. आपल्या नियंत्रणाबाहेरील शारीरिक, भावनिक वा सामाजिक कारणांमुळे मुलाचा सांभाळ करणे अशक्य झालेले पालक मूल घेऊन बाल कल्याण समितीसमोर येऊ शकतात. समिती चौकशी करते, समुपदेशन करते आणि समाधान झाल्यावरच स्वाधीनतापत्र करून घेते. आईवडील विवाहित असल्यास दोघांच्याही सह्या आवश्यक असतात. अविवाहित मातेच्या बाबतीत तिची एकटीची सही पुरेशी असते. माता स्वतः अज्ञान असेल तर तिच्यासोबत आलेल्या प्रौढ व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घेतली जाते.

सही झाल्याबरोबर हक्क संपत नाही. त्या दिवसापासून पालकांना फेरविचारासाठी दोन महिन्यांचा अवधी मिळतो. या काळात समिती योग्य वाटल्यास मूल देखरेखीखाली पालकांजवळच ठेवते, अन्यथा सहा वर्षांखालील मुलास विशेष दत्तक संस्थेत आणि त्याहून मोठ्या मुलास बालगृहात ठेवते. मात्र या काळात त्या मुलाला दत्तक देता येत नाही. आईचे मन बदलले, माहेरच्यांनी आधार देण्याची तयारी दाखविली किंवा रोजगार मिळाला, तर तिला आपले मूल परत मागता येते. मुदत संपल्यानंतर मात्र स्वाधीनतापत्र अंतिम होते. संस्था प्रकरण समितीपुढे ठेवते आणि समिती मुलास विधितः मुक्त जाहीर करते. त्यानंतर परत येऊन केलेल्या मागणीस आधार उरत नाही.

हा अवधी ठेवण्यामागील विचार समजून घेणे आवश्यक आहे. प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे मातेच्या दृष्टीने शारीरिक व मानसिक कष्टाचे असतात. लोकापवादाची भीती, घरच्यांचा दबाव, पैशाची चणचण या ओझ्याखाली घेतलेला निर्णय तिचा स्वतःचा असतोच असे नाही. लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकविधानांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यातही जन्मदात्या पालकांना कोणतेही आमिष वा दडपण न दाखविता, परिणामांची पूर्ण जाणीव देऊन निर्णय घेऊ दिला पाहिजे, यावर भर होता. आजच्या साठ दिवसांच्या तरतुदीमागे हीच दृष्टी आहे. मुद्रांकावरील परस्पर व्यवहारात मातेला नेमका हाच अवधी नाकारला जातो. दुसऱ्या दिवशी तिला पश्चात्ताप झाला तरी जावे कोठे, हे तिला ठाऊक नसते.

मूल स्वाधीन करणाऱ्या मातेचे नाव गोपनीय ठेवले जाते. अशा मुलाबाबत वृत्तपत्रात सूचना दिली जात नाही. स्वाधीन केलेल्या वा टाकून दिलेल्या मुलाच्या चौकशीच्या ओघात जन्मदात्या पालकाविरुद्ध प्रथम माहिती अहवाल नोंदविला जाणार नाही, असेही कलम ३८ मध्ये नमूद आहे. मातेला शिक्षेचे भय वाटू लागले तर ती समितीकडे न येता मूल उकिरड्यावर टाकील, ही भीती कायदा करणाऱ्यांनी ओळखली होती.

महाराष्ट्रात ही जाणीव फार जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे आणि मुलाच्या संगोपनाची व्यवस्था व्हावी, हा त्यामागील उद्देश होता. तेथे जन्मलेल्या यशवंत या मुलास या दांपत्याने पुढे दत्तक घेतले. पंढरपूर येथेही १८७५ साली असेच गृह स्थापन झाले. दोष देण्यापूर्वी आसरा द्यावा हे तत्त्व त्या काळी समाजाचा रोष पत्करून अंमलात आणावे लागले. आज तेच तत्त्व कायद्याच्या कलमात समाविष्ट झाले आहे.

आदेशाचा परिणाम

विधितः मुक्त झालेल्या मुलासाठी केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणाच्या म्हणजेच 'कारा'च्या व्यवस्थेतून पात्र पालक निश्चित केले जातात. अंतिम दत्तक आदेश देण्याचा अधिकार पूर्वी न्यायालयाकडे होता. २०२१ च्या दुरुस्तीने तो जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे देण्यात आला असून ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. त्या वेळी न्यायालयांत प्रलंबित असलेली प्रकरणे न्यायालयांनीच चालवावीत, असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला होता.

कलम ६३ अन्वये दत्तक आदेश अंमलात येण्याच्या दिवसापासून मूल सर्व प्रयोजनांसाठी दत्तक पालकांचे अपत्य ठरते आणि जन्मदात्या कुटुंबाशी असलेले त्याचे सर्व संबंध संपुष्टात येतात. त्या दिवसानंतर जन्मदात्यांना ताब्याचा वा भेटीचा हक्क राहत नाही. वारसाहक्क दत्तक कुटुंबात मिळतो. मात्र आदेशापूर्वी एखादी मालमत्ता मुलाच्या नावे निहित झालेली असेल तर ती, तिच्यावरील दायित्वांसह, मुलाकडेच राहते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमातही असाच नियम असून, रक्ताच्या नात्यामुळे ज्यांच्याशी विवाह निषिद्ध होता त्यांच्याशी तो दत्तकानंतरही निषिद्धच राहतो. त्या अधिनियमाखालील वैध दत्तक कोणत्याही पक्षाला रद्द करता येत नाही.

कार्यपद्धती डावलून अनाथ, टाकून दिलेले वा स्वाधीन केलेले मूल दत्तकासाठी देणारा व घेणारा असे दोघेही कलम ८० अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र होतात. मुलाची खरेदीविक्री झाल्यास कलम ८१ अन्वये पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. ज्याच्या ताब्यात मूल असते अशा व्यक्तीने, उदाहरणार्थ रुग्णालय अथवा प्रसूतिगृहातील कर्मचाऱ्याने, हा गुन्हा केल्यास कारावास तीन वर्षांहून कमी नसतो व तो सात वर्षांपर्यंत वाढू शकतो.

गावपातळीवरील कर्तव्य

या विषयात गावातील कार्यकर्त्यांची भूमिका निर्णायक ठरते. असे व्यवहार प्रथम अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, परिचारिका व शिक्षक यांच्याच कानावर येतात. मूल कोणाला तरी देण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबास त्यांनी बाल कल्याण समितीचा व फेरविचाराच्या मुदतीचा मार्ग समजावून सांगावा. मूल देण्याचे कारण केवळ दारिद्र्य असेल, तर त्या कुटुंबास बालसंगोपन योजना किंवा मिशन वात्सल्यअंतर्गत प्रायोजकत्वाचे साहाय्य मिळू शकते काय, याची चौकशी आधी करावी. गरिबी हे नाते तोडण्याचे कारण होऊ नये. मुलास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असे बाल न्याय अधिनियमाचे एक मूलतत्त्व आहे.

सरपंच व पंचांनी मूल दिल्याघेतल्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नये. ग्रामपंचायतीस मुलाचे पालकत्व बदलण्याचा अधिकार नाही आणि ग्रामसभेच्या ठरावानेही तो निर्माण होत नाही. ग्राम बाल संरक्षण समितीने अशा घटनेची माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षास त्वरित कळवावी. जन्मनोंद करताना खऱ्या मातेऐवजी दुसऱ्या स्त्रीचे नाव घालण्याची विनंती झाल्यास ती ठामपणे नाकारावी. अशी खोटी नोंद मुलाची खरी ओळख कायमची पुसून टाकते.

मुख्याध्यापकांनी केवळ साध्या मुद्रांकाच्या आधारे शाळेच्या नोंदवहीत पित्याचे नाव बदलू नये. दत्तक आदेश अथवा नोंदणीकृत दत्तकपत्र पाहूनच पुढील कार्यवाही करावी. तथापि कागदपत्रे अपुरी आहेत म्हणून मुलाचा प्रवेश अडवून ठेवू नये. शिक्षण हा त्या मुलाचा स्वतःचा हक्क असून मोठ्यांच्या चुकीची शिक्षा त्याला देता येणार नाही. वारस नोंदीच्या वेळी ग्राम महसूल अधिकाऱ्यांनीही, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांनी, दत्तकाचा पुरावा तपासूनच प्रकरण पुढे पाठवावे.

एखाद्या घरात अशा परस्पर व्यवहाराने आलेले मूल आधीच वाढत असेल, तर ते लपवून ठेवण्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घेऊन समितीपुढे जाणे श्रेयस्कर ठरते. जितका विलंब होतो, तितकी मुलाच्या मनाची व हक्कांची गुंतागुंत वाढते.

कायद्याची ही कार्यपद्धती लांबलचक व किचकट वाटण्याचा संभव आहे. परंतु तिच्यातील प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी रक्षणासाठी ठेवलेला आहे. पालकांचा शोध हा मूल हरवलेल्या आईसाठी आहे, साठ दिवसांची मुदत हतबल मातेसाठी आहे, तीन सदस्यांचा निर्णय मुलासाठी आहे आणि अंतिम आदेश नव्या आईवडिलांसाठी आहे. आपल्याकडून ते मूल पुन्हा कोणी हिरावून नेणार नाही, ही खात्री त्या आदेशानेच त्यांना मिळते. जन्माचे नाते संपविण्याचा निर्णय इतका गंभीर आहे की तो घाईने, गुपचूप वा दडपणाखाली होता कामा नये. गावोगावच्या लोकप्रतिनिधींनी व कर्मचाऱ्यांनी ही गोष्ट लोकांना पटवून दिली, तर कोणत्याही मुलाचे भवितव्य साक्षीदारांच्या दोन सह्यांवर अवलंबून राहणार नाही.